गॅदरिंगच्या स्किटमधले रंग, जात आणि बोलीवरचे विनोद: पात्रं काढू नका, हशा हलवा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलांनी गॅदरिंगसाठी पंचवीस मिनिटांचं विनोदी स्किट लिहिलंय, विषय बाजारातला एक दिवस. त्यात मराठीची वाट लावणारी तेलुगू आजी आहे, सगळे ज्याला ‘कोळसा’ म्हणतात असा मित्र आहे, तोंडाला काळं फासून उभा केलेला आफ्रिकन पाहुणा आहे आणि ‘चिंकी’ मोमोवाला आहे. सरांनी चारही पात्रं काढायला सांगितली. मुलांचं म्हणणं, हल्ली सगळ्यांनाच सगळं लागतं. हे काढलं तर हसायला उरतं काय?

माझं मत सरांपेक्षाही वेगळं आहे आणि मुलांपेक्षाही. चारही पात्रं ठेवा. त्यांच्यावर रचलेले विनोद मात्र चारही टाकून द्या, कारण ते लिहिलेलेच नाहीत, उचललेले आहेत.

आधी ‘हल्ली लागतं’ याबद्दल. लागत पूर्वीही होतं. तमाशातल्या बतावणीची, म्हणजे सोंगाड्याच्या विनोदी संवादांची, पद्धत उचलून सत्यशोधक जलशांनी भटजी-सावकाराची फिरकी घेतली आणि पुढे १९३० च्या सुमाराला आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. ज्यांच्यावर हसलं जात होतं त्यांनीच तेव्हा स्वतःचा फड उभा केला होता, म्हणजे ही तक्रार काही मोबाइलबरोबर आलेली नाही. बदललंय ते हॉलमधलं बसणं. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराची नात आज गॅदरिंगची सेक्रेटरी असते, सेटलमेंट या जुन्या वसाहतीतला मुलगा प्रकाशयोजना सांभाळतो आणि दोघांच्याही हातात फोन असतो. शिवाय तुमच्या पंचवीस मिनिटांतली वीस सेकंदं कापून रात्री अकराच्या आत शहरभर जातात, मागचापुढचा संदर्भ टाकून. जो विनोद संदर्भाशिवाय नुसती शिवी वाटतो, तो बहुतेक वेळा संदर्भासकटही शिवीच होता.

आता कसोटी. ‘कुणाच्या भावना दुखावतील का’ हा प्रश्न संहितेवर चालवू नका, त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्याऐवजी प्रत्येक हशाच्या वाक्यापाशी विचारा: हेच वाक्य हॉलबाहेर कुणाला खोली नाकारताना, नोकरी नाकारताना, सोयरीक मोडताना वापरलं जातं का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या वाक्यावर हशा बांधायचा नाही. ‘नाही’ असेल तर रान मोकळं. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर तुम्ही वर्षभर हसा. पुणेकर आहे म्हणून सोलापुरातल्या सात रस्त्याजवळ कुणाला खोली मिळाली नाही असं ऐकिवात नाही. ‘मांस शिजवणारे नकोत’, ‘रंगानं जरा कमीच आहे’, ‘त्या वस्तीतला आहे, गल्ल्यावर बसवू नका’, ही वाक्यं मात्र रोज वापरात आहेत. स्टेजवर तीच म्हटली की हॉल हसतो ते ओळखीमुळे. लेखकाचं त्यात कर्तृत्व शून्य.

सोलापुरासाठी या कसोटीला एक टोकदार कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. आपल्या शहरात त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घातलेली वसाहत होती, हजेरी द्यावी लागायची, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला; ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पत्त्यात आहे. आता ‘पारधी आला, पाकीट सांभाळा’ हे वाक्य स्किटमध्ये टाकून बघा. तो जुना कायदाच आहे, फक्त माईकवरून वाचलेला. गॅदरिंगच्या स्किटमध्ये हा विनोद दर दोन-चार वर्षांनी उगवतो आणि लिहिणाऱ्याला आपण काय उगाळतोय याचा पत्ताही नसतो.

‘वरच्यावर हसा, खालच्यावर हसू नका’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो ठीक आहे, पण आपल्या गावात अपुरा पडतो. पॉवरलूम कारखान्याचा मालक तेलुगू आणि मागावरचा कामगारही तेलुगू. एक वर, एक खाली, दोघंही नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागे. म्हणजे ‘तेलुगू लोकांवर’ विनोद करताना तुम्ही नक्की कुणावर हसताय हेच ठरत नाही. जुनी बतावणीसुद्धा धुतल्या तांदळासारखी नव्हती. सोंगाड्या राजाची टोपी उडवायचा हे खरं, पण न्हावी, मारवाडी, भटजी हे जातीचे ठोकळे तिथंही होतेच. म्हणून माणूस कुठल्या समाजाचा हे सोडा, त्या प्रसंगात कुणाच्या हातात काय आहे ते बघा. कापडात डाग निघाला म्हणून मजुरी कापणारा मालक आणि तो डाग मालकाच्याच पानाच्या पिचकारीचा आहे हे ओळखणारा कामगार, इथं दोघंही तेलुगू असले तरी हशा बरोबर जागी पडतो.

आता एकेक पात्र.

आजी. तिच्या मराठीवर हसण्याचा साचा असा असतो की ती ‘तो आली’, ‘ती आला’ म्हणते आणि हॉल फुटतो. त्यामागचं कारण व्याकरणात आहे. तेलुगूत एकवचनात पुरुषाचं रूप वेगळं आणि बाई व वस्तू यांचं एकच. मराठीत तीन लिंगं, आणि खुर्ची ‘ती’ का नि टेबल ‘ते’ का, याला आपल्यापाशीही उत्तर नाही. उच्चारावर विनोद करायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी करा. तेलुगू शब्द बहुतेक स्वरात संपतात आणि मराठी माणूस तो शेवटचा स्वर गिळून टाकतो. पेठेतला मराठी दुकानदार गिऱ्हाईक पटवायला तेलुगू फाडतोय आणि आजी वैतागून मराठीत सांगतेय, ‘मराठीत बोल बाबा, कळतंय मला’; हा विनोद उच्चाराचाच आहे, पण उघडा दुकानदार पडतो. ‘या, बसा’मधल्या ‘या’साठी तेलुगूत जे आदरार्थी रूप आहे आणि मराठी कानाला शिवीसारखं वाटतं, त्यावरचा तो जुना विनोद मात्र कृपा करून विसरा. तीन पिढ्या ऐकतायत तो. लागण्याआधी तो शिळा आहे.

आजीला काम द्या. आपल्याकडची तेलुगू आजी म्हटलं की विडी आलीच. विडीची मजुरी हजारावर असते. कारखान्यातून तेंदूची पानं मोजून मिळतात, पानं कमी भरली तरी हजार विड्या पुऱ्या करून द्यायच्या, आणि तपासणारा खराब म्हणून बाजूला काढेल त्या गेल्या. या व्यवहारात किती नाट्य आहे बघा:

तपासनीस: ही वाकडी आहे.
आजी: ओढणारा कुठं सरळ असतोय?
तपासनीस: ही पण वाकडी.
आजी: तुझा चष्मा काढ, मग बघ.

इथं आजीचं मराठी अगदी शुद्ध असलं काय किंवा तेलुगू वळणाचं असलं काय, हशाला फरक पडत नाही. पडत नाही म्हणूनच थोडं वळण ठेवायला हरकत नाही.

एक धोका सांगून ठेवतो, कारण दुरुस्त केलेली स्किटं, नव्वद टक्के नाही म्हणणार, पण बरीचशी, इथंच मरतात. ‘संवेदनशील’ करायच्या नादात आजीला संत करू नका. थोर, कष्टाळू, अश्रू ढाळणारी आजी आली की मागच्या रांगा खोकायला लागतात. तिला खोड ठेवा. ती चिकट असू दे, पंचवीसच्या जुडीत चोवीस घालणारी असू दे, सुनेच्या हातच्या शेंगा चटणीला नावं ठेवणारी असू दे. खोड माणसाची असते. ती समाजाची करून टाकली की बिघडलं.

आफ्रिकन पाहुणा. तोंडाला काळं फासण्याचा प्रकार इथं निरागस वाटतो, पण त्याला इतिहास आहे. अमेरिकेत १८३० च्या दशकात गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून गुलामांची नक्कल करत आणि त्यावर तिकिटं विकत. ब्रिटनच्या बीबीसीवर तसा कार्यक्रम १९५८ पासून थेट १९७८ पर्यंत चालला. हसण्याचं सगळं भांडवल इतकंच की हा काळा आहे, म्हणून बावळट आहे. तुमच्या स्किटमध्येही तो पाहुणा ‘हुगा बुगा’ करतो आणि केळं खातो असं लिहिलंय. यातली माकडाशी तुलना न कळण्याइतकं कुणी लहान नाही. शिवाय रंगमंचाच्या दृष्टीनंही ते फसतं. काळा थर लाइटखाली घामानं ओघळतो, भुवया-कपाळाच्या बारीक हालचाली गडप होतात, आणि नटाला चेहरा उरत नाही म्हणून तो हातवारे वाढवतो.

नट आहे तसा उभा करा, रंग लावू नका. नाव, कपडे आणि वागणं यातून पाहुणा उभा राहतो. आणि त्याला सोलापुरात यायला कारण द्या. इथले टॉवेल परदेशी जातात. पाहुणा खरेदीदार आहे. टॉवेलचा जाडपणा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असा मोजतात. त्यासाठी गोल कटर असतो. तो १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो. चकतीचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर म्हणजे जीएसएम. पाचशेचा टॉवेल असेल तर चकती ५ ग्रॅम भरली पाहिजे. आता प्रसंग:

दुकानदार मोठ्यानं, तोडून तोडून बोलतोय, जणू पाहुणा बहिरा आहे: ‘फाईव्ह... हंड्रेड... जीएसएम. गुड. व्हेरी गुड.’ पाहुणा शांतपणे खिशातून कटर काढतो. दुकानदाराचा आवाज एकदम खाली. ‘अहो कापताय कशाला, विश्वास नाही काय?’ चकती काट्यावर: ३.८. पाहुणा म्हणतो, ‘थ्री एटी.’ दुकानदार घाम पुसत: ‘सोलापूरचं ऊन आहे साहेब, वजन उतरणारच.’

पाहुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत गंभीर ठेवा. हॉल हसेल तो ओळखीच्या दुकानदारावर, आणि बहुतेक दुकानदारच जास्त हसतील.

‘कोळसा’ मित्र. ‘पण तो स्वतःच हसतो’ असं तुम्ही लिहिलंय. हसणारच, न हसला तर ‘आला मोठा’ म्हणून आणखी ऐकावं लागेल. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी यानं २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणायचे, तेव्हा हाक कौतुकाची वाटली आणि अर्थ कळल्यावर संताप आला. म्हणजे माणूस हसतो, एवढ्यावरून त्याला ते लागतं की नाही, हे ठरत नाही. ‘कोळसा’च्या जागी ‘सावळा’ लिहिणं हीसुद्धा दुरुस्ती नव्हे, हशा तिथंच बसलेला राहतो. हशा उचलून रंग विचारणाऱ्यावर ठेवा. लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण: निमगोरा’ लिहिणारी आई घ्या. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत मुलगा मोटारसायकलवर अक्कलकोट रोडला कामाला जातो, आणि आई सांगतेय, ‘मूळचा गोराच आहे, दिवाळीपर्यंत थांबा.’ फोटोला इतका फिल्टर मारलाय की मुलीकडचे दारात उभ्या नवरदेवालाच विचारतात, ‘मुलगा कुठंय?’ तुमचा तो मित्र या प्रसंगात नवरदेव झाला तरी चालेल, कारण फजिती आईची होते.

मोमोवाला. ‘चिंकी’ शब्द सरळ काढा, इथं घासाघीस नको. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण दिसण्यावरून झालेल्या चेष्टेतून सुरू झालेल्या मारहाणीत गेला. त्यानंतर केंद्रानं ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात चेष्टेपासूनच झाली होती. आणि चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावानं चिनी चेहऱ्याची टिंगल करावी हे तसंही शोभत नाही. मोमोवाल्याला सोलापूरकरांच्या तावडीत द्या. एकजण मोमोवर शेंगा चटणी मागतो, दुसरा कडक भाकरीत कुस्करून मागतो, तिसरा विचारतो ‘यात पुरण भरून मिळेल का?’ सहा महिन्यांत तो ‘काय बे, सुट्टे दे की’ म्हणायला लागलाय आणि पुण्याहून बदलून आलेला बँक मॅनेजर अजून ‘आपण जरा सुट्टे द्याल का’ वर अडकलाय.

आता तपासणीची पद्धत. संहितेची छापील प्रत घ्या, फोनवर करू नका. प्रत्येक अपेक्षित हशाच्या शेजारी खूण करा: पात्र जे करतं त्यावर हसू असेल तर निळी, पात्र जे जन्मानं आहे त्यावर असेल तर लाल. लाल खुणा एकाच पात्राभोवती जमलेल्या दिसतील. तेच पात्र तुम्ही सर्वात कमी लिहिलंय. मग प्रयोगाच्या किमान दोन आठवडे आधी पाच-सहा जणांसमोर वाचन करा, टीमबाहेरचे. त्यात त्या-त्या समाजातले दोघं तरी असावेत. एकटा असला तर तो साक्षीदार होतो, मत देऊ शकत नाही. ‘तुला चालेल ना रे?’ असं सगळ्यांसमोर कधीच विचारू नका. सोलापुरात उत्तर ठरलेलं आहे, ‘चालतंय की बे’. वेगळं गाठून विचारा, ‘कुठं हसू थांबलं?’ माणसं या प्रश्नाला खरं उत्तर देतात. त्या समाजातल्या मुलालाच ती भूमिका दिली की झालं, असंही समजू नका; तेलुगू पोरानं आजी केली तर बारकावे चांगले येतात, वाईट वाक्य मात्र वाईटच राहतं आणि शिव्या त्याला घरी खाव्या लागतात.

वाचनाच्या वेळी संहितेकडे बघू नका, ऐकणाऱ्यांच्या माना बघा. विनोद झाल्यावर माना स्टेजकडेच राहिल्या तर ठीक. हसता हसता त्या एखाद्या विशिष्ट मुलाकडे किंवा मुलीकडे वळल्या, तर ते वाक्य त्याच संध्याकाळी काढा. यावर चर्चा नको.

तालमीत ठरलेलं स्टेजवर बदलतं, हा नेहमीचा अपघात. हशा कमी आला की नट घाबरतो आणि काढलेलं जुनं वाक्य परत टाकतो. त्याला दोष देण्याऐवजी प्रत्येक धोक्याच्या जागी दोन पर्यायी वाक्यं पाठ करून द्या. शेवटी ‘आपण सगळे भारतीय’ छाप भाषण चिकटवू नका. ते विनोदाची माफी मागतं आणि माफी मागण्यासारखं काही होतं हेही कबूल करतं.

खरी घाण मात्र स्किटमध्ये नसतेच, ती दोन ठिकाणी असते, आणि सरांचंही तिकडे लक्ष जात नाही. एक निवेदक. पडदा अडकला, साउंड गेला की तो वेळ भरायला तोंडाला येईल ते बोलतो, आणि तोंडाला पहिलं येतं ते रंगाचं नाहीतर आडनावाचं. त्याला आठ-दहा ओळींचा भराव लिहून द्या, तोही कॉलेजवर: कँटीनचा चहा, लायब्ररीचा दंड, लिफ्ट. दुसरं फिशपॉन्ड. निनावी असल्यानं तिथं जे येतं ते कुणी सहीनिशी लिहिणार नाही. पेटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बंद करा. तिघांनी उघडा, त्यात किमान एक मुलगी आणि एक शिक्षक. शरीर, रंग, जात, आडनाव, गाव-वस्ती यावरच्या चिठ्ठ्या तिथंच फाडा, ‘वाचून मग ठरवू’ नको, कारण वाचलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर जातेच. एकाच मुलीवर पाच चिठ्ठ्या आल्या तर त्या कितीही गमतीशीर असल्या तरी एकच वाचा. आणि पेटीतून चांगल्या चिठ्ठ्या कमी निघतील हे गृहीत धरून कमिटीनंच वीसेक लिहून ठेवा, प्राध्यापकांवर जास्त.

कायद्याचं थोडक्यात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ नुसार लोकांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवीगाळ किंवा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. हेतू होता का हे न्यायालय ठरवतं, ‘गंमत होती’ म्हणून पोलीस ठाण्यातून कुणी सुटत नाही. पुढेमागे हेच स्किट हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिकीट लावून करायचा विचार असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ते वेळेत करा.

आणि सगळं करूनही एखादं वाक्य सुटलंच तर? दुसऱ्या दिवशीच बोला, आठवडा जाऊ देऊ नका. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ या शब्दांनी सुरुवात करू नका. वाक्य कोणतं होतं, कुणी लिहिलं, ते का चुकलं, एवढं सांगा. क्लिप कॉलेजच्या पेजवरून काढा. ज्याच्यावर विनोद झाला त्याला स्टेजवर बोलावून मिठी मारणं, हार घालणं, फोटो काढणं, यातलं काहीही करू नका. दोन वेळा दाखवलं जाणं त्यानं मागितलेलं नाही. त्याच्याकडे एकट्यानं जा, ज्यानं ते वाक्य लिहिलं त्यानंच.

सरांकडे परत जाताना नुसतं ‘बदललंय’ म्हणू नका, लाल-निळ्या खुणांची प्रत घेऊन जा. टॉवेलचा आणि विडीचा प्रसंग वाढतील, प्रत्येकी पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि कटर खरा वापरत असाल तर त्याचं पातं काढून ठेवा.